रविवारची गल्ली

माहेरी यायचे तर रविवार टाळून यायचे, असे अम्मी फोनवर नेहमी बजावायची. "शनिवारी ये, नाहीतर सोमवारी ये. रविवारी आलीस तर पिशव्या डोक्यावर घेऊन गल्लीत शिरावं लागेल." माझे माहेर नेकनूरचे, आणि नेकनूरचा आठवडी बाजार रविवारचा. लग्न होऊन छत्रपती संभाजीनगरला आले त्याला पंचवीस वर्षे झाली. एवढ्या वर्षांत अम्मीचा हा नियम मी दोन-तीनदाच मोडला असेल. या डिसेंबरात मात्र भाईजानचाच फोन आला. "या वेळी रविवारीच ये. गल्ली बघायला ये."

सकाळची एसटी धरली. २०२३ च्या मार्चपासून आम्हा बायकांना निम्मे तिकीट झाले, तेव्हापासून माहेर जरा जवळ आल्यासारखे वाटते. गेवराई, बीड करत मांजरसुंब्याला उतरले. सोलापूरचा मोठा रस्ता इथून सरळ पुढे जातो आणि केज-अंबाजोगाईचा रस्ता फुटतो. नेकनूर या दुसऱ्या रस्त्यावर. काळी-पिवळीत बसले, तर पायाशी एक शेळी आणि तिचा मालक. बालाघाटाचे उघडे माळ, कापसाची उरलीसुरली बोंडे, शेंगांनी वाकलेली तूर आणि त्यातून बाजाराकडे निघालेली माणसे, हे सगळे खिडकीतून लहानपणी होते तसेच दिसत होते. फरक एकच. तेव्हा रस्त्याने बैलगाड्या आणि पायी चालणारे असत, आता मोटारसायकली आणि पिकअप.

नेकनूरचा बाजार मोठा. भाजीपाला, कापड, भांडी, दोर-दावी, मसाला, आणि मुख्य म्हणजे जनावरे. ऊसतोडीचा हंगाम तोंडावर आला की बैलांना मागणी येते, बकरी ईदच्या आधी बोकडांना. लिंबागणेश, चौसाळा, येळंबघाट, मस्साजोग, आसपासच्या कितीतरी गावांची माणसे येतात. आमची गल्ली बाजाराला लागून. तोंडाशी दुकाने, आत दोन्ही बाजूंना घरे, पुढे वळण, आणि वळणानंतर आणखी घरे. सगळी मिळून चाळीसेक दारे.

अब्बा सांगतात, त्यांच्या लहानपणी, म्हणजे निजामाचे राज्य जाऊन फार वर्षे झाली नव्हती तेव्हा, बाजाराच्या दिवशीही गल्ली मोकळी असे. बाजारकरू काही फार शहाणे होते म्हणून नव्हे. बैलगाडी घेऊन आलेल्या माणसाला बैल सोडायला जागा लागे, पाणी लागे, झाडाची सावली लागे. म्हणून गाड्या आपोआप गावाबाहेर, पाण्याजवळ सुटत. मोटारसायकलला ना पाणी लागते ना चारा. ती जिथे सोडाल तिथे उभी राहते, म्हणून माणूस ती कुठेही सोडतो.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत हे फार वाढले. रविवारी नऊ वाजले की गल्लीत हँडल लॉक केलेल्या गाड्यांच्या दोन रांगा. दार उघडावे तर ते गाडीला आपटणार. धुणे वाळत घालायला बाहेर यावे तर ओट्याला टेकून चार अनोळखी माणसे तंबाखू मळत बसलेली. त्यांच्या मनात काही वाईट नसेलही, पण घरातल्या मुलीबाळींनी दिवसभर पडदा ओढून आत बसायचे हे आमच्या भाभीला कधीच पटले नाही. ती म्हणायची, "बाजार त्यांचा आणि कैद आपली." पुरुष मंडळी रविवारी दुकानात किंवा बाजारात असत, त्यामुळे हा त्रास त्यांना फारसा दिसतच नसे. कुठल्याही गल्लीत गाड्यांचा प्रश्न उशिरा सुटतो, त्याचे एक कारण मला हेच वाटते.

बाजारच नको, असे मात्र कोणी म्हणू शकत नाही. २०२० मध्ये टाळेबंदीत बाजार बंद झाला, तेव्हा गल्ली इतकी मोकळी झाली की पोरांनी भर रविवारी क्रिकेट मांडले. आठ दिवस बरे वाटले. मग कळले की गल्लीतल्या निम्म्या घरांची चूल रविवारच्या कमाईवर पेटते. कोणाचा चहाचा गाडा, कोणाच्या बांगड्या, कोणी शिलाईचे कपडे विकणारा, कोणी शेळ्यांच्या खरेदी-विक्रीतला. पुढे २०२२ मध्ये जनावरांना लम्पी आला आणि राज्यभर जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले. तेव्हाही हीच अवस्था. ज्यांच्या गाड्यांवर आम्ही चिडायचो, त्यांच्याच खिशातून आमचा आठवडा निघत होता.

आता ज्या दिवसामुळे हे सगळे बदलले त्या दिवसाविषयी.

२०२४ ची बकरी ईद सोमवारी होती, १७ जूनला. आदला दिवस रविवार, म्हणजे ईदच्या आधीचा शेवटचा बाजार. गर्दी किती असेल याचा विचार करा. माझी भाचेसून, भाईजानच्या थोरल्याची बायको, दिवसात होती. तारखेला अजून दहा दिवस होते, पण दुपारी बारा-साडेबाराला तिला कळा सुरू झाल्या. भाचा धावत जाऊन रिक्षा घेऊन आला. रिक्षा गल्लीच्या तोंडाशीच अडली. तोंडाला आडवी एक पिकअप उभी, आणि मागे मोटारसायकली अशा खेटून, की मधून एक माणूस तिरका होऊन कसाबसा जाईल. पिकअपचा मालक कोण, कुठे, काही पत्ता नाही. बाजारात हजारो माणसे. हाक मारायची तरी कोणाला?

शेवटी तिला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून चौघांनी उचलले. काही ठिकाणी खुर्ची गाड्यांच्या वरून, हँडलच्याही वर धरून पुढे न्यावी लागली. भाभी पुढे चालत गाड्यांचे आरसे आत वळवत होती. ती पोर खुर्चीचे हात घट्ट धरून डोळे मिटून बसलेली. नंतर तिने मला सांगितले, "फुफी, दुखत होतं त्याचं काही नाही. पण सगळा बाजार आपल्याकडे बघतोय असं वाटत होतं, ते सहन होत नव्हतं."

अल्हमदुलिल्लाह, वेळेत पोहोचली. मुलगी झाली. आता दीड वर्षाची आहे आणि गल्लीभर पळते.

पण भाचा संध्याकाळी घरी परतला तर पिकअप तिथेच. त्याने चारही चाकांची हवा सोडून दिली. मी त्याच्या जागी असते तर काय केले असते, सांगता येत नाही. दिवेलागणीला मालक आला. साठीकडे झुकलेला माणूस, धोतर, डोक्याला पटका, बरोबर न विकली गेलेली दोन बोकडे. चाके पाहिली आणि मुकाट्याने आमच्या ओट्यावर येऊन बसला. भाचा त्याच्यावर खूप ओरडला. त्याने सगळे ऐकून घेतले. मग अब्बांकडे वळून म्हणाला, "चाचा, चुकलं माझं. पण खरं सांगू का, मला वाटलं हा दुकानांच्या मागचा बोळ हाय. आत येवढी घरं हायेत हे ठावंच नव्हतं. इथं सावली दिसली, जनावराला ऊन नको म्हणून लावली. कुणी नुसतं 'काढ' म्हटलं असतं तरी काढली असती."

अम्मीने त्याला चहा दिला. पंक्चरवाल्याला घरून बोलावून आणले. हवा भरून तो निघाला तेव्हा इशाची अजान होत होती. त्या रात्री अब्बा जेवले नाहीत. भाचा समजत होता की ते पिकअपवाल्यावर रागावलेत. ते रागावले होते भाच्यावर, आणि त्याहून जास्त स्वतःवर. "आपण या गल्लीत सत्तर वर्षं राहतो," ते म्हणाले, "आणि आत घरं आहेत हे बाहेरच्याला कळावं असं एक अक्षर भिंतीवर लिहिलं नाही."

कायद्याचे म्हणाल तर कायदा आहे. दुसऱ्याच्या येण्याजाण्याच्या दारासमोर गाडी लावू नये, हे २०१७ च्या वाहन चालविण्याच्या नियमावलीत आहे. सार्वजनिक रस्त्यावर अडथळा करण्याला जुन्या भारतीय दंड संहितेत दोनशे रुपयांपर्यंत दंड होता. या घटनेनंतर दोनच आठवड्यांनी, १ जुलै २०२४ पासून, भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तोच दंड पाच हजारांपर्यंत गेला. पण नुसत्या दंडाने त्या दुपारी पिकअप हलली नसती. आणि कायदा आपल्यालाही विचारतो. दुसऱ्याच्या चाकाची हवा सोडणे, आरसा फोडणे, काचेवर ओरखडे काढणे हाही गुन्हाच. शिवाय दारासमोरचा रस्ता आपल्या बापाचा नसतो. तिथे दगड मांडून, ड्रम ठेवून, दोरी बांधून जागा अडवणे हेसुद्धा अतिक्रमण. ते काढायला लावण्याचा अधिकार १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यातील कलम ५३ ने पंचायतीला दिला आहे.

हे कलम समोरच्या गुरुजींनी वाचून दाखवले, आणि त्याच बैठकीत भाईजान टेप घेऊन उठला. गल्लीच्या तोंडाशी भिंतीपासून भिंतीपर्यंत चौदा फूट भरले. त्यातून दोन्ही बाजूंचे ओटे, पायऱ्या, मोटारसायकल चढवायला केलेले उतार आणि आमचा कपडे धुण्याचा दगड वजा केला तर साडेआठ. साडेपाच फूट गल्ली आम्हीच खाल्ली होती! बाहेरच्यांनी गाड्या लावल्या त्या उरलेल्या साडेआठात. बैठकीत बराच वेळ कोणी बोलले नाही. धुण्याचा दगड भाभीने दुसऱ्या दिवशी सकाळीच मागच्या अंगणात नेला. ओटे मात्र अजून आहेत. ओटा तोडायला मोठे मन लागते, आणि आमच्या गल्लीत ते अजून कोणाचे झालेले नाही, भाईजानचेही नाही.

बैठका बऱ्याच झाल्या. एकाने सुचवले, तोंडाशी लोखंडी साखळी लावू. अब्बांनी विचारले, "रात्री रुग्णवाहिका आली तर साखळीची चावी कोणाकडे असेल?" पोरांनी सुचवले, एका गाडीला दहा रुपये घेऊ, राखणही होईल आणि कमाईही. यावर बराच वाद झाला, कारण काही घरांना खरोखरच त्या पैशांची गरज होती. गुरुजी म्हणाले, "रस्ता सरकारचा, भाडं आपलं? हे कुठल्या पावतीवर घेणार?" तेही बारगळले. गुरुजींनी जपानची गोष्ट सांगितली. तिथे १९६२ पासून कायदाच आहे, मोटार घ्यायची तर ती ठेवायला जागा असल्याचा पोलिसांचा दाखला लागतो. यावर चहावाला म्हणाला, "मग आपल्या बाजारात बैल घेणाऱ्यानं आधी गोठ्याचा दाखला आणायचा का?" सगळे हसले, आणि बैठकीतला ताण उतरला.

ठरले ते अगदी साधे. गल्लीच्या एकाच बाजूला, दारे सोडून, चुन्याची रेघ मारायची आणि मोटारसायकली त्या रेघेच्या आतच. तोंडाशी दोन्ही बाजूंना काहीही नाही. तोंडाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहायचे: 'ही गल्ली आत जाते. आत ४० घरे आहेत. कृपया वाट सोडा.' पिकअप आणि टेम्पोसाठी मागच्या बाजूचा रिकामा प्लॉट. त्याचा मालक पुण्याला असतो. त्याला फोन करून रविवारपुरती परवानगी घेतली, वेड्या बाभळी तोडल्या आणि गल्लीच्या वर्गणीतून दोन ट्रॉल्या मुरूम टाकला. ग्रामसभेत अर्जही दिला आहे. बाजाराला येणारा गाडी कुठे लावेल हा प्रश्न एकट्या आमच्या गल्लीचा नाही, बाजाराला लागून असलेल्या प्रत्येक गल्लीचा आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचे, रविवारी सकाळी आठ ते दुपारी दोनपर्यंत तोंडाशी दोन खुर्च्या. एकावर अब्बा, दुसरीवर गुरुजी. समोर एक वही. गाडी लावणाऱ्याचा मोबाइल नंबर आणि गाव तेवढे लिहायचे. पैसे नाहीत, पावती नाही.

मी गेले त्या रविवारी पाहिले ते असे. एक तरुण गाडी तोंडाशीच लावून निघाला. अब्बांनी त्याला हाक मारली ती "ए" म्हणून नव्हे. "बेटा, कोणत्या गावचा?" त्याने गाव सांगितले. "तुझ्या गावात आमचे पाहुणे आहेत. गाडी जरा त्या रेघेत घे, नंबर सांगून जा. काही लागलं तर फोन करतो." पोराने गाडी वळवली. दुसरा एक जण मात्र हुज्जत घालून, तोंडाशीच गाडी लावून गेला. गुरुजींनी वहीत त्याच्या गाडीचा नंबर लिहिला आणि शांतपणे म्हणाले, "दर रविवारी असा एक असतोच." तासाभराने चौघांनी मिळून ती गाडी उचलून रेघेत ठेवली. परत आला तेव्हा तो गाडी शोधत फिरत होता. कोणी काही बोलले नाही, नुसते बोट दाखवले.

वहीची पाने चाळली तर त्यात त्या पिकअपवाल्याचेही नाव होते, जवळजवळ दर महिन्याला. तो आता थेट प्लॉटवर जातो, पण नंबर लिहायला म्हणून गल्लीत येतो, चहा घेतो. त्या दिवशी त्याने तुरीच्या ओल्या शेंगांची पिशवी आणली होती. "बाळीसाठी" म्हणाला. दीड वर्षाचे पोर काय तुरीच्या शेंगा खाणार! पण भाभीने पिशवी ठेवून घेतली आणि रात्री सोलाण्याची आमटी केली.

इथेच लिहिणे थांबवले असते तर आमच्या गल्लीचे कौतुक झाले असते. पण मी पुढे शुक्रवारपर्यंत राहिले.

मशीद पलीकडच्या गल्लीत. तिच्या दाराला लागून पिठाची गिरणी आहे. जुम्याच्या नमाजला बाहेरचे, रस्त्याने जाणारे, आसपासच्या वस्तीवरचे पुष्कळ लोक येतात. घाईत येतात, आणि गाडी सोडतात ती गिरणीच्या दारात. दुपारी एक ते दोन गिरणीत डबा घेऊन कोणाला शिरता येत नाही. हे किती वर्षे चालले होते कोणास ठाऊक. गिरणीवाले मामा कधी एका शब्दाने बोलले नव्हते. आम्हीही कधी विचारले नव्हते. रविवारच्या रेघा सुरू झाल्या, आणि दोन-तीन महिन्यांनी एका संध्याकाळी मामा दळणाचा डबा द्यायला म्हणून आले आणि जाता जाता भाईजानला म्हणाले, "भाई, थोडा चुना शुक्रवारला पण शिल्लक ठेवत जा."

भाईजान सांगतो, त्या क्षणी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे वाटले. त्याने ही गोष्ट इमाम साहेबांच्या कानावर घातली. पुढच्या जुम्याला त्यांच्या बयानाचा विषय रस्त्याचा हक्क हाच होता. रस्त्यावर बसणाऱ्या सहाबांना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी रस्त्याचा हक्क अदा करण्याची ताकीद दिली होती: नजर खाली ठेवा, कोणाला त्रास देऊ नका, सलामला उत्तर द्या, भल्याचे सांगा आणि बुऱ्यापासून रोखा. ही हदीस आपल्याला तोंडपाठ असते. इमाम साहेबांनी फक्त एवढे विचारले की बाहेर गिरणीच्या दारात आत्ता किती गाड्या आहेत, ते नमाजनंतर प्रत्येकाने मोजावे. भाईजानने मोजल्या. अकरा होत्या, आणि त्यातली एक त्याची स्वतःची.

तेव्हापासून शुक्रवारीही चुना पडतो. पण रविवारसारखे तिथे जमलेले नाही. रविवारी गाडीवाला परका असतो, त्याला सांगता येते. शुक्रवारी तो चुलता असतो, मेहुणा असतो, नाहीतर नुकताच हजहून आलेला कोणी बुजुर्ग असतो.

या शुक्रवारी मला न्यायला संभाजीनगरहून हे आले. वाटेत उशीर झाला होता. खुतबा सुरू झालेला. मी भाभीबरोबर दारात उभी होते. पाहते तर आमचीच गाडी पलीकडच्या वळणावर जाऊन थेट गिरणीच्या दारात, चुन्याच्या रेघेवर उभी राहिली. हे उतरले आणि टोपी घालत मशिदीकडे निघाले. भाचा चुन्याची बादली घेऊन तिथेच होता. फुफाजींना कसे सांगावे, या विचारात तो क्षणभर थांबला. गिरणीच्या दारात एक म्हातारी डबा काखेला लावून उभी होती, आणि मामा आतून काही न बोलता बघत होते.

"फुफाजी," भाचा म्हणाला, "चावी देऊन जा."

यांनी मागे वळून पाहिले, रेघेकडे पाहिले, म्हातारीकडे पाहिले. चावी दिली आणि आत गेले. भाच्याने गाडी प्लॉटवर नेऊन लावली आणि धावत नमाजला आला. शेवटच्या सफेत त्याला जागा मिळाली. निघताना गाडीत बसले तेव्हा पाहिले, चाकाला चुना लागला होता.